लाकडी फ्लोअर की टाईल? आधी खालच्या काळ्या मातीचं बोला

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कॉलेजच्या मागच्या वावरात ४० बाय २५ मीटरचा बहुउद्देशीय हॉल मंजूर झाला, खेळवाले म्हणून राहिले मॅपलची लाकडी फ्लोअर पाहिजे, ऑफिसवाले म्हणतात टाईल टाका कारण दीक्षांत, युवक महोत्सव, परीक्षा आणि पाहुण्यांची भाषणं हेच वर्षभर चालतं, आणि तुम्ही मधात सापडले. माझी २४ वर्षं क्रीडा विभागात गेली, त्यातली १७ वर्षं असल्याच एका हॉलची चाबी माझ्या खिशात होती, यवतमाळकडच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात. म्हणून सरळ सांगतो, दोन्ही नका टाकू. खाली चांगलं ट्रिमिक्स काँक्रीट (ओतल्यावर जास्तीचं पाणी ओढून घट्ट केलेलं), त्यावर स्पोर्ट्स व्हिनाईल (खेळासाठीचं, रोलमधे येणारं प्लास्टिकचं फ्लोअर), बॅडमिंटन-कबड्डीसाठी गुंडाळायच्या आणि जोडायच्या मॅट, आणि लाकडाचे जे पैसे वाचतील ते स्टोअर रूम आणि फ्लोअर झाकायच्या सामानात घाला. काहून, ते आता लांबलचक सांगतो, चहा घेऊन बसा.

पह्यले माती. तुमच्या फोटोत ते वावर दिसून राहिलं, काळी कसदार जमीन, कास्तकाराला सोनं आणि बांधकामवाल्याला डोकेदुखी. मे महिन्यात तिथं उभे राहून पाहा, भेगेत मनगटापर्यंत हात जाईल. तीच माती जुलैत पाणी पिऊन फुगते आणि वर जे काही असेल ते उचलते. कॉलम खोल पायावर असतात म्हणून ते हलत नाहीत, पण मधली फरशी नुसती भरावावर बसलेली असते, मग होतं काय की भिंती जागेवर राहतात आणि हॉलच्या मधोमध फरशीला पोट येतं. टाईल असेल तर पटापट सुटते, लाकूड असेल तर उंच-सखल होतं, व्हिनाईल असेल तर वरून चकचकीत दिसतं पण बॉल टप्पा वेगळा देतो. म्हणजे वर काय टाकायचं याचं भांडण करण्याआधी खालची काळी माती पूर्ण काढून घ्या, मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, रोलरनं दाबून भरा. एकदम चार फूट ओतून वरून रोलर फिरवणारा ठेकेदार भेटला तर त्याला तिथंच थांबवा, रोलर खालपर्यंत दाबत नाही. पायासाठी इंजिनिअर अंडर-रीम्ड पाईल म्हणेल, खाली फुगीर बल्ब असलेले खांब, फुगणाऱ्या मातीसाठीच आहेत ते, खर्च पाहून नाही म्हणू नका. आणि हॉलच्या चारी बाजूंनी फरसबंदी करून पावसाचं पाणी भिंतीपासून दूर काढा. भिंतीला लागून बगिचा अजिबात नको, रोज पाईपनं पाणी सोडणारा माळी आणि काळी माती मिळून दोन-तीन वर्षांत फरशी उचलतात.

स्लॅबच्या खाली जाड पॉलिथिन अंथरलं का हे स्वतः उभे राहून पाहा. बिलात असते, जमिनीत नसते. आणि फ्लोअरवाला आला की त्याला व्हिनाईल चिकटवू देण्याआधी एक साधी टेस्ट करा, दीड-दोन फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, काँक्रीटवर चारी बाजूंनी टेपनं पक्का चिकटवा, एक रात्र राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपट पडलं असेल तर स्लॅब अजून ओला आहे, डिंक धरणार नाही. असे आठ-दहा तुकडे लावा, कोपऱ्यात पण आणि मधात पण. आमच्याकडे दुसऱ्या एका हॉलला व्हिनाईल टाकताना उद्घाटनाची तारीख ठरली होती म्हणून हे केलं नाही, पहिल्याच पावसाळ्यात फुगे आले, पोट्टे पायानं दाबून फटफट आवाज काढत.

आता लाकूड काहून नाही. मॅपलची फ्लोअर चांगलीच असते, टप्पा छान, गुडघ्याला मऊ, त्यावर खेळलेल्या माणसाला दुसरं आवडत नाही, मलाही नाही. पण लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते, आणि आपल्याकडे मे मधे ४५-४६ डिग्री आणि कोरडीठण्ण हवा, दोन महिन्यांनी सगळं ओलंचिंब. उन्हाळ्यात पट्ट्यांच्या फटीत रुपयाचं नाणं उभं राहते, पावसाळ्यात त्याच पट्ट्या एकमेकींना रेटतात. वर्षभर एसी चालवून हवा सारखी ठेवणाऱ्याला हे जमते. आपलं बजेट कूलरचं. आणि कूलर तर लाकडाचा वैरीच. एका उन्हाळ्यात आमच्या हॉलमधे पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं, पश्चिमेच्या दारात चार मोठे कूलर लावले, लोकांना बरं वाटलं, सहाव्या दिवशी मी चपला काढून फिरलो तर कूलरसमोरच्या आठ-दहा फुटात प्रत्येक पट्टीच्या कडा वर आलेल्या, तळपायाला कौलावर चालल्यासारखं लागून राहिलं. नंतर बराच भाग बसला, पण दोन जागा कायमच्या मेल्या, बॉल आपटला की थप्प, वरच येत नाही. बास्केटबॉलच्या पोट्ट्यांना त्या जागा पाठ होत्या, समोरच्या टीमला बरोबर तिकडेच ढकलत. वरून उधई. लाकडी फ्लोअरच्या खाली अंधार, ओल, रीपा, तिला आणखी काय पाहिजे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मोठे एरिना पाहून आपले लोक भुलतात. तिकडे बऱ्याच ठिकाणी ती मॅपलची फ्लोअर तुकड्या-तुकड्यात येते, साधारण ४ बाय ८ फुटाचे पॅनल, मॅच झाली की उचलून गाडीवर रचून स्टोअरला, मग काँक्रीटवर कॉन्सर्ट करा नाही तर पदवीदान करा. म्हणजे कार्यक्रम लाकडावर होतच नाही. आपण ते लाकूड कायमचं ठोकतो आणि वरून हजार खुर्च्या मांडतो.

टाईलचं लवकर आटोपतो. घाम पडला की बर्फ होते, पडला पोरगा तर हाड जाते, आणि वर टाईल-टाईलमधले सांधे. ज्या हॉलमधे व्हिट्रिफाईड टाईल टाकली त्याला मंगल कार्यालय म्हणा, मनात शंका नको.

साईजबद्दल एक हट्ट करा. ४० ऐवजी आतून ४५ मीटर लांबी मागा. कागदावर पाच मीटरच वाढतात, पण हिशेब पाहा. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१०, आजूबाजूला दोन-दोन मीटर सोडले तर पाच कोर्टला साडेबेचाळीस मीटर लागतात, म्हणजे ४० मधे चारच. हँडबॉल ४० बाय २०, गोलच्या मागे दोन-दोन आणि बाजूला एक-एक मीटर धरलं की ४४ बाय २२, तुमच्या ४० मधे गोलकीपर भिंतीला चिकटते. बास्केटबॉल २८ बाय १५ आणि व्हॉलीबॉल १८ बाय ९ हे दोन्हीत आरामात बसतात. खो-खो २७ बाय १६, तेही बसते, आणि खो-खोला आता मॅटवरच खेळायचं आहे, जानेवारी २०२५ मधे दिल्लीला पहिला वर्ल्ड कप इनडोअरच झाला, दोन्ही कप आपले. आपल्या इकडच्या पोरी मातीवर तयार होतात आणि मॅटवर पाय घसरतो म्हणून हारतात, हॉलचा खरा फायदा मला तरी तिथं दिसते.

उंची ट्रसच्या (छत तोलणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) खालच्या दांडीपर्यंत मोजून घ्या, शेडच्या टोकापर्यंत नाही. व्हॉलीबॉलच्या नियमात ७ मीटर आहे, बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धेला १२ सांगतात, आपण १० मोकळे मिळवले तर विद्यापीठ पातळीला काही अडत नाही. लाईट कोर्टच्या डोक्यावर नको, दोन कोर्टच्या मधल्या पट्टीवर पाहिजे, नाही तर शटल वर पाहिलं की डोळ्यात लाईट. आणि कोर्टच्या मागच्या भिंती पांढऱ्या रंगवू नका, गडद हिरव्या नाही तर निळ्या करा. रंगारी आणि प्राचार्य दोघंही पांढऱ्यावर अडून बसतील. पांढऱ्यावर पांढरं शटल कोणाला दिसते बाप्पा?

छत नुसतं पत्र्याचं केलं तर दुपारी चारला खाली उभं राहवत नाही. ५० मिलीमीटरचं पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मधात फोम भरलेलं) घ्या, महाग आहे, पण गरमी अडते आणि पावसाचा आवाजही कमी होतो. आमच्या एका जुलैच्या दीक्षांत समारंभात पाहुणे वीस मिनिटं बोलले आणि पत्र्यावर असा पाऊस की पहिल्या रांगेलाही फक्त ओठ हलताना दिसले, टाळ्या मात्र बरोबर पडल्या. पन्हाळ इमारतीच्या आत घेऊ देऊ नका, दोन्ही बाजूंनी बाहेर उतार द्या, आतली पन्हाळ पानांनी तुंबते आणि सगळं पाणी कोर्टवर. वाऱ्यानं फिरून गरम हवा बाहेर काढणारे टर्बो व्हेंटिलेटर लावा, पण जिथं जिथं हवेला वाट आहे तिथं बारीक जाळी, पारवे आत आले की निघत नाहीत आणि रोज सकाळी कोर्टवर त्यांची नक्षी.

आवाजाचं कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. ४५ बाय २५ बाय १० म्हणजे ११,२५० घनमीटर हवा. काँक्रीट, प्लास्टर, पत्रा हे सगळं आवाज परत फेकते, हॉलमधे आवाज किती वेळ घुमतो ते काढायच्या सबाईनच्या सूत्रानं हिशेब केला, सगळ्या पृष्ठभागांनी शंभरातला पाचच भाग आवाज शोषला असं धरलं, तर रिकाम्या हॉलमधे एक आवाज मरायला जवळपास दहा सेकंद लागतात. माणूस "सन्माननीय" म्हणेपर्यंत त्याचं आधीचं "व्यासपीठावरील" फिरून राहते. त्याच हॉलच्या छताखाली साठ टक्के आवाज शोषणारं अस्तर लावलं की तेच सव्वादोन सेकंदावर येते. लोक भरले की आणखी कमी. म्हणून पफ पॅनलच्या आतून छिद्राचा पत्रा आणि मागे ग्लासवूल असं जे मिळते ते छताच्या निदान मोठ्या भागाला आताच टाकून घ्या, नंतर १० मीटरवर चढून कोणी लावत नाही, मग दरवर्षी साऊंडवाल्याला आणखी दोन बॉक्स वाढव म्हणतात आणि गोंधळ दुप्पट होते.

आता मुख्य. हॉल खेळानं खराब होत नाही आणि कार्यक्रमानंही नाही, खराब होते तो रात्री दहा ते सकाळी साडेपाच या वेळात, म्हणजे कार्यक्रम संपला आणि सकाळी पोरं प्रॅक्टिसला येणार, तेवढ्या वेळात. ही वेळ नकाशात नाही, बजेटमधे नाही, कोणाच्या ड्युटीत नाही. डेकोरेशनवाल्याची पोरं झोपेत असतात, स्टेजचा लोखंडी पाया उचलायला दोघंजण पाहिजे तिथं एकटा ओढत नेते आणि फ्लोअरवर इथून तिथपर्यंत ओरखडा. एकदा त्यांनी लाल कारपेट सरकू नये म्हणून सरळ फ्लोअरमधे खिळे ठोकले, कारपेट उपसून नेलं, खिळे तसेच. सकाळी कबड्डीच्या पोरींची मॅट टाकताना एकीच्या टाचेत गेला. त्या दिवसापासून मी एक केलं, जुन्या स्पीकरचं गोल चुंबक काढलं, वायपरच्या दांड्याला सुतळीनं बांधलं, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर झाडझुड झाली की ते अख्ख्या हॉलमधे फिरवायचं. पहिल्या वेळी निघालं ते एका पत्रावळीत जमा केलं, खिळे, टाचण्या, स्टेपलच्या पिना, फुगे बांधायची तार, एक कानातलं. आमचा शिपाई म्हणे, "सर, हे तं रोजचं पीक हाय."

म्हणून स्टोअर. आर्किटेक्ट दहा बाय बाराची खोली दाखवते आणि नाव देते स्टोअर. हजार प्लास्टिकच्या खुर्च्या वीस-वीसच्या थप्पीत ५० थप्प्या, जायला-यायला वाट सोडून ३५-४० चौरस मीटर तिथंच गेले. कबड्डीचं मैदान १३ बाय १०, म्हणजे मीटर-मीटरचे १३० मॅटचे तुकडे. मग बॅडमिंटनच्या मॅटचे रोल, व्हॉलीबॉलचे खांब, टेबल टेनिसचे टेबल, स्टेजचे तुकडे, पोडियम, रांगोळीचे कट्टे, कोणाचे तरी पुतळे. शंभर चौरस मीटरच्या खाली ऐकू नका, आणि दार आठ फूट रुंद, उंबरठा नको, फ्लोअरच्या लेव्हलला. उंबरठा असला की खुर्च्यांची गाडी तिथं अडते आणि मग थप्प्या बाहेरच राहतात, कायमच्या, कोर्टच्या कोपऱ्यात. बॅडमिंटनची मॅट घडी घालून ठेवू देऊ नका, पाईपवर गुंडाळून आडवी. घडी पडली की ती रेघ जात नाही.

झाकायला जाड पीव्हीसी शीट आणि कारपेट, स्टेज आणि जिथं चाकाची गाडी फिरणार त्या वाटेवर प्लाय. लोक म्हणतात हजार माणसांचं वजन फ्लोअर सहन करेल का. माणसांचं काही नाही, हजार माणसं हजार चौरस मीटरवर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला सत्तर किलो, किरकोळ आहे. मारते तो खुर्चीचा टोपण निघालेला पाय आणि छतावरचा बल्ब बदलायला आणलेल्या लिफ्टचं चाक, सगळं वजन रुपयाएवढ्या जागेवर. आणि स्टेज पक्का बांधू नका, तुकड्याचा ठेवा. पक्का स्टेज सहा-आठ मीटर खाते, मग ४५ चे परत ३८ होतात आणि वरून बास्केटबॉलचा बोर्ड पाहुण्याच्या डोक्यावर.

खर्रा, म्हणजे आपल्याकडचं सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. दारावर माणूस बसवा आणि खिसे तपासा, लाज वाटू देऊ नका, मोठ्या माणसाचेही. व्हिनाईलवर खर्र्याचा डाग लगेच पुसला तर निघते, रात्रभर राहिला तर मग तो हॉलचाच झाला. खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या तर खुर्चीखाली मिळतातच.

छताला काही टांगू देऊ नका, लाईटचा ट्रस, फुलांचं झुंबर, काहीच. टांगायचेच असेल तर आताच डिझाईनमधे चार-सहा पॉईंट ठरवून घ्या, प्रत्येकावर किती किलो ते रंगानं लिहून ठेवा. अमेरिकेत हार्टफर्डला १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे एरिनाचं अख्खं छत बर्फाच्या वजनानं खाली आलं, काही तासांआधी तिथंच विद्यापीठाची बास्केटबॉल मॅच पाहायला हजारो लोक बसले होते. आपल्याकडे बर्फ नाही पण मंडपवाला आहे.

दारं. हॉलमधे खुर्च्या मांडल्या की बिल्डिंग कोड माणशी ०.६५ चौरस मीटर धरते, म्हणजे तुमच्या ४५ बाय २५ च्या हॉलमधे कागदावर सतराशेच्या वर माणूस बसते, त्या हिशेबानं दारं मागा, दोन मीटर रुंद, बाहेर उघडणारी, आणि दोन्ही लांब बाजूंना, एकाच तोंडाला नाही. दिल्लीच्या उपहार थिएटरला १३ जून १९९७ ला ५९ लोक गेले, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. आपल्याकडे दार बांधतात बरोबर, पण गॅदरिंगच्या दिवशी बिनापासची पोरं घुसू नये म्हणून चौकीदार साखळी लावते, नाही तर ढोरं येतात म्हणून. मी साखळ्याच काढून घेतल्या होत्या, घरी आणून ठेवल्या, बायको म्हणे आता लोखंडाचं दुकान टाका. आतून दांडा दाबला की उघडते असे पॅनिक बार लावा, बाहेरून कोणी येत नाही आणि आतून कोणी अडकत नाही.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, ती कॅलेंडरमधे धरूनच चाला. निवडणुकीला हॉल जाईल. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० खाली जागा घेता येते, आणि एवढा मोठा, चारी बाजूंनी बंद होणारा हॉल तालुक्यात दुसरा असते कुठं. २०२४ च्या लोकसभेला आपल्या यवतमाळ-अमरावतीकडे २६ एप्रिलला मतदान आणि ४ जूनला मोजणी, मधातले ३९ दिवस. स्ट्राँगरूम, म्हणजे मतदान यंत्रं ठेवायची खोली, म्हणून घेतलेली जागा तेवढे दिवस सीलबंद. त्यामुळे मॅट, खांब, रॅकेट हे ज्या खोलीत आहे तिचं दार हॉलमधून तर ठेवाच, पण बाहेरून एक वेगळं दार पण ठेवा, नाही तर पोरांचं सगळं सामान सीलच्या आत आणि समर कॅम्प बाहेर झाडाखाली, एक चेंडू घेऊन.

डिपॉझिट बाहेरच्यांकडून घ्याच, पण आपल्याच विभागांकडून पण घ्या, फ्लोअरचा सगळ्यात जास्त नास घरचेच करतात. रात्री सहा माणसं, चार तास, त्यांचा रोज, हे प्रत्येक बुकिंगच्या भाड्यात आधीच जोडा. चाब्या दोनच, एक तुमच्याकडे, एक चौकीदाराकडे. तिसरी कोणाच्या टेबलात दिसली की समजा रविवारी तिथं कोणाचा तरी साखरपुडा आहे.

आता एक काम करा. मातीचं टेस्टिंग झालं असेल तर रिपोर्टमधे डिफरन्शियल फ्री स्वेल नावाचा एक आकडा असते, माती पाण्यात किती फुगते ते सांगणारा, ५० टक्क्यांच्या वर असला तर माती लय फुगणारी आहे. तो आकडा आणि बोअर किती खोल घेतला ते पाठवा, मग पायाचं आणि मुरूम किती फूट भरायचा याचं बोलू. टेस्टिंग झालंच नसेल तर टेंडर थांबवा, आठ दिवस उशीर झाला तरी चालते.